सड्यावर विमान उतरवायचं तर

पुणे, २० नोव्हेंबर

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचलं, फोटो आणि व्हिडिओही पाहिले. कातळावर घासून फाटलेलं तुझ्या छोट्या बिनपायलटच्या विमानाचं पोट आणि त्यातून बाहेर आलेला कॅमेरा बघून जीव हळहळला. पण पंख शाबूत आहेत, शेपूट शाबूत आहे, म्हणजे विमान पुन्हा उडणार. राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं वरून टिपायचं तू जे मनावर घेतलं आहेस, ते मला फार मोलाचं वाटतं. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण आजूबाजूचे कितीतरी सडे अजून धड मोजलेलेही नाहीत. एका बॅटरीत एवढा विस्तार पालथा घालायचा तर पंखांचं विमानच हवं, चार पंख्यांच्या ड्रोनचं ते काम नाही. तेव्हा विमान बदलायचा विचार मनातून काढून टाक. उतरवणं बदलू.

तू विचारतोस, चारी बाजूंनी गडगे (दगडी बांध), एका अंगाला कलमं आणि मधे जेमतेम साठ-सत्तर पावलं जागा, एवढ्यात हे धूड थांबवायचं कसं? माझं म्हणणं असं की थांबवण्याचं काम जमिनीवर ठेवूच नये. विमान टेकतं तेव्हा त्याच्यात जेवढी ऊर्जा शिल्लक असते तेवढी कुठेतरी जाणारच, आणि सड्यावर ती तुझ्या फोमच्या पोटात जाते. ती हवेतच खर्च करून टाकायची. मंद आणि आखूड लँडिंगच्या जेवढ्या म्हणून युक्त्या आहेत, त्या सगळ्या याच एका कामासाठी आहेत.

थोडे आकडे मांडतो, कंटाळू नकोस. तुझं विमान अडीच किलोचं, पंखांचं क्षेत्रफळ साधारण ०.४५ चौरस मीटर. साध्या पंखाचा लिफ्ट कोएफिशंट, म्हणजे पंखाची उचल सांगणारा गुणांक, जास्तीत जास्त १.२ धरला तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो, सेकंदाला ८.६ मीटर येतो. उतरताना त्याच्या १.३ पट वेग ठेवायचा हा जुना, खात्रीचा नियम, म्हणजे ११.२ मीटर. आता पंखाला फ्लॅप (मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) दिले आणि तोच गुणांक १.६ झाला, तर स्टॉल ७.५ वर येतो आणि उतरण्याचा वेग ९.७ वर. फरक किरकोळ वाटतो ना? त्यात समोरून सेकंदाला ४ मीटरचा वारा घे. हवेच्या दृष्टीने विमान ९.७ नेच उडतंय, पण जमिनीच्या दृष्टीने फक्त ५.७ ने. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ११.२ चा वर्ग १२५, ५.७ चा ३२. म्हणजे टेकताना एक चतुर्थांशच ऊर्जा उरली.

आणि वारा पाठीमागून असेल तर? तुझा व्हिडिओ पुन्हा बघ. विमान टेकतं तिथलं पिवळं गवत ज्या बाजूला झुकलंय, विमानही त्याच बाजूला धावतंय. वारा अगदी हलका, २ मीटरचा जरी असला, तरी ११.२ चे १३.२ झाले, वर्ग १७४. पोट फाटलं ते इथे.

तुझ्याकडे वाऱ्याचं गणित तसं सोपं आहे. शिल्पांच्या रेषा नीट उठून दिसाव्यात म्हणून तू सकाळच्या तिरप्या उन्हात उडतोस, आणि ते बरोबरच आहे. पण त्या वेळी मतलई वारे असतात, पूर्वेकडून समुद्राकडे, तेही मंद. म्हणजे सकाळी पश्चिमेकडून येऊन पूर्वेला तोंड करून उतरायचं. ऊन तापलं की वारा पडतो आणि मग खारे वारे सुरू होतात. तेव्हा दिशा उलटी. वारा फिरण्याच्या मधल्या वेळात विमान वर ठेवूच नकोस, तेव्हा एकाच सड्याच्या दोन टोकांना दोन वेगळे वारे असतात. एक काठी रोवून तिला रिबीन बांध, तेवढं पुरे. अजून एक, उतरताना स्क्रीनवरचा जीपीएसचा वेग बघून थ्रॉटल कमी करू नकोस. तो जमिनीचा वेग आहे. पंखाला फक्त हवेचा वेग कळतो. ऑटोपायलटला हवेचा वेग मोजणारी पिटो ट्यूब जोडलेली नसेल तर आधी ती जोड.

आता कलमांचा प्रश्न. झाड १० मीटर उंच धर. तुझ्या विमानाचा ग्लाइड साधारण दहास एक, म्हणजे झाडाच्या शेंड्यावरून निघालेलं विमान वारा नसताना १०० मीटर पुढे जाऊन टेकणार. त्यात पंख जमिनीपासून स्वतःच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर आला की ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होतो आणि विमान तरंगतच राहतं. तुझी साठ-सत्तर पावलं तिथेच संपतात. नाक खाली दाबून लवकर उतरवायला गेलास तर वेग वाढतो, आणि वाढलेला वेग पुन्हा तरंगण्यात जातो. म्हणून ग्लाइडच बिघडवायला हवा, वेग न वाढवता.

याला ग्लायडरवाले क्रो म्हणतात, कोणी बटरफ्लाय म्हणतात. आतले फ्लॅप ५०-६० अंश खाली आणि बाहेरचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पट्ट्या) १५-२० अंश वर. पंखाचा आतला भाग लिफ्ट आणि ड्रॅग दोन्ही वाढवतो, टोकांची लिफ्ट कमी होते. त्यामुळे नुसत्या फ्लॅपपेक्षा स्टॉलचा वेग थोडा वाढतो हे खरं, पण टोक आधी स्टॉल होऊन विमान एका अंगावर पडण्याची भीती जवळजवळ जाते, आणि तुझ्या जागेत मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्लाइड दहावरून चारावर आला असं धर. झाडापासून १०० मीटरऐवजी ४० मीटर, आणि समोर तोच ४ मीटरचा वारा असला तर पंचवीस मीटरच्या आत. काही जण दोन्ही एलेरॉनच खाली करून त्यांचा फ्लॅप म्हणून वापर करतात. ते तू करू नकोस. त्याने टोकं लवकर स्टॉल होतात आणि नेमकी मंद वेगात एलेरॉनची पकड जाते.

तुझ्या पंखाला फ्लॅप नाहीत, कापावे लागतील. मागच्या कडेचा आतला अर्धा भाग सोडव, खालच्या बाजूला टेपची बिजागरी कर आणि सर्व्होचा (फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) हात असा बसव की फ्लॅप पूर्ण खाली असताना तो हात आणि दांडी जवळजवळ एका रेषेत येतील. मग हवेचा सगळा दाब दांडीवर येतो, सर्व्होच्या दातांवर येत नाही. आणि टेकण्याच्या अगदी आधी, जमिनीपासून हातभर वर असताना, फ्लॅप आत घ्यायचे. पोटावर उतरणाऱ्या विमानाचे खाली लोंबणारे फ्लॅप पहिले आपटतात आणि सर्व्होचे दात जातात. क्रो उघडला की विमान नाक वर करेल किंवा खाली टाकेल, प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याची भरपाई एलिव्हेटरला (शेपटीच्या आडव्या पट्टीला) मिक्स करून ठेव. ती किती लागते हे ६०-७० मीटर उंचीवर जाऊनच बघायचं, खाली येऊन नाही.

तू डीप स्टॉलबद्दल, म्हणजे पंख मुद्दाम पूर्ण स्टॉल करून विमान खाली आणण्याबद्दल, विचारलं होतंस. मला ती युक्ती मनापासून आवडते. फ्री फ्लाइटची, म्हणजे सोडल्यावर आपली आपणच उडणारी, मॉडेलं उडवणारे लोक ती फार पूर्वीपासून वापरतात. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) सापडलेलं मॉडेल परत यावं म्हणून शेपटीला रबर बांधायचं आणि रबराला धुमसणारी वात लावायची. वात जळत आली की रबर तुटतं, शेपटीची मागची कड एकदम वर उचलली जाते आणि मॉडेल आडवंच्या आडवं खाली येतं. १९८० च्या दशकात नासाने कॅलिफोर्नियात एका आसनाच्या ग्लायडरवर, श्वायझर १-३६ वर, पूर्ण शेपूट वळवून हाच प्रयोग केला. एरोव्हायरन्मेंटचं रेव्हन, हातातून फेकायचं, दोन किलोच्या आतलं लष्करी विमान, असंच उतरतं. टेकताना त्याचे भाग सुटे होतात, आणि ते मुद्दामच तसं केलेलं आहे. धक्का सांध्यांमध्ये विरतो, सैनिक तुकडे गोळा करून पुन्हा जोडतो. अर्डूपायलट या ऑटोपायलटच्या सॉफ्टवेअरमध्येही डीप स्टॉल लँडिंग आहे. ते आधी घिरट्या घालून वाऱ्याचा अंदाज घेतं आणि नेमकं कुठे स्टॉल करायचं ते ठरवतं. त्याला एलिव्हेटर मात्र नेहमीपेक्षा खूप जास्त वर वळणारा हवा.

पण तुझ्यासाठी हिशेब कर. पंख पूर्ण स्टॉल होऊन विमान ४५ अंशात उतरलं, तर माझ्या अंदाजाने सेकंदाला साडेपाच मीटर पुढे आणि तेवढंच खाली. समोरच्या वाऱ्यात पुढचा वेग दीड मीटरवर येतो, जागा जवळजवळ लागतच नाही. खालचा वेग मात्र तसाच राहतो. ते दीड-पावणेदोन मीटरवरून विमान खाली टाकण्याइतकं झालं. गवताळ कुरणात चालेल. जांभ्यावर, पोटाखाली कॅमेरा असताना, अजिबात नको.

पॅराशूटचंही तेच, वर आणखी वाहून जाण्याची कटकट. ४० मीटरवर छत्री उघडली, सेकंदाला ५ मीटरने उतरली, तर आठ सेकंदांत ५ मीटरचा वारा तिला ४० मीटर बाजूला नेतो, थेट कलमांत. आपल्या डीआरडीओचं 'लक्ष्य' हे बिनपायलटचं विमान छत्रीने उतरतं आणि त्याच्या नाकाचा शंकू धक्का पचवून चेपावा असाच बनवलेला आहे. त्यांच्याच 'निशांत' विमानाला छत्री आणि खाली हवेच्या पिशव्या. पुढे निशांतलाच चाकं लावून पंछी केलं, ते २०१४ च्या डिसेंबरमध्ये उडालं, पण चाकं आली म्हणजे धावपट्टी आली. उभ्या मोटरी लावून हेलिकॉप्टरसारखं उतरायचा मार्ग आहेच, आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्जचं स्विच तसंच आहे. पण त्या मोटरींचं वजन उरलेलं सगळं उड्डाण फुकट वाहायचं, आणि तुझ्या एवढ्याशा विमानाला ते परवडणार नाही.

मग राहतं पकडणं. इथे जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते तुझं उत्तर इथेच आहे. अमेरिकी नौदलाने १९८६ मध्ये आयोवा या युद्धनौकेवर पायोनियर ही बिनपायलटची विमानं आणली, ती जहाजावर ताणलेल्या जाळ्यात पकडत. स्कॅनईगल या बिनपायलटच्या विमानाची युक्ती त्याहून देखणी. त्या विमानाचं मूळ ट्यूना पकडणाऱ्या बोटींसाठी मासे हेरण्यात आहे. बोटीवर धावपट्टी कुठून आणणार? म्हणून एका उंच खांबाच्या आडव्या हाताला दोर उभा लोंबकळत ठेवायचा, आणि विमानाने सरळ त्या दोरावर यायचं. पंखाची पुढची कड मागे झुकलेली असल्याने दोर तिच्यावरून घसरत टोकाकडे जातो आणि टोकाच्या आकड्यात अडकतो. विमान गर्रकन वळतं आणि लटकतं. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट ही वाटते की नेम चुकला तर पुढे आपटायला काहीच नाही. विमान उडतच पुढे जातं आणि फेरी मारून पुन्हा येतं. रवांडात मुहांगाहून २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या नेणारी झिपलाइन कंपनीची बिनपायलटची विमानंही अशीच दोन खांबांमधल्या तारेवर शेपटीचा आकडा अडकवून थांबतात. त्यांना चाकंच नाहीत.

तुझ्याकडे साखरीनाट्याचं बंदर जवळ आहे. तिथून जुनं, मऊ झालेलं नायलॉनचं जाळं मिळव, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. दोन लांब बांबूंमध्ये ते सैल टांग, वरची कड बांधलेली, खालची मोकळी. जाळ्याचे आस (डोळे) लहान हवेत, नाक आरपार जाता कामा नये. जमिनीच्या दृष्टीने ५.७ ने आलेलं विमान जाळ्याने दीड मीटरमध्ये थांबवलं, तर त्याच्यावर सरासरी धक्का जेमतेम १.१ जी, म्हणजे त्याच्या वजनाच्या १.१ पट, येतो. तेच ११.२ ने आलं तर सव्वाचार जी. म्हणून आधी फ्लॅप आणि वारा, मग जाळं. जाळ्याच्या पलीकडे शंभरेक मीटर आभाळ मोकळं असेल अशीच जागा निवड. वारा येतो त्या बाजूला झाडं असतील तर पहाटेचा वाराही त्यांच्या मागे लाटा खातो, तेव्हा कलमांच्या उंचीच्या दहापट अंतर राखता आलं तर राख. जाळ्यात शिरण्याआधी प्रोपेलर थांबलेला हवा, नाहीतर तो जाळं गुंडाळून घेईल. आणि दोन फेऱ्या चुकल्या तरी पुरेल इतकी बॅटरी उरलेली असतानाच खाली ये. हे शेवटचे शंभर मीटर हातानेच उडव. साध्या जीपीएसचा दोन-तीन मीटरचा फरक सहा मीटरच्या जाळ्याला फार झाला.

कागदोपत्रीचं एकच सांगतो. २ किलोच्या वर गेलं की २०२१ च्या ड्रोन नियमांत ते स्मॉल गटात येतं, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी बघायचं. संरक्षित शिल्पांवरून उडण्याची परवानगी तू घेतली आहेस, ती बरोबर बाळग.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी चार दिवस मोकळा आहे. तोवर भातकापणी उरकलेली असेल, तेव्हा पहिले प्रयोग सड्यावर न करता खालच्या मळ्यात, रुंदशा खाचरात करू. धसकटं पोटाला कातळापेक्षा बरी. फ्लॅपचे सर्व्हो, बिजागरीची टेप आणि पिटो ट्यूब मी घेऊन येतो. जाळं आणि बांबू तू बघ. पंखाच्या मागच्या कडेचं माप, जाडी धरून, या आठवड्यात पाठव, म्हणजे फ्लॅप किती रुंद कापायचे ते इथूनच ठरवून येईन. काकांना सांग, फणसाच्या पोळ्या ठेवलेल्या असतील तर मी आनंदाने संपवेन. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
नितीन