फेस येतो तो मळाचा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की बडोद्यात हायवेलगतच्या वॉशिंग सेंटरांवर ट्रक आणि पिकअपच्या रांगा लागतात. अलीकडे यातल्या बऱ्याच गाड्यांना अ‍ॅलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची) व्हील असतात आणि तीही नक्षीदार, बारीक आऱ्यांची. अनेक ठिकाणी त्यांच्यावर संडास धुण्याचे अ‍ॅसिड नाहीतर कॉस्टिक सोड्याचे पाणी मारतात. पांढरा फेस उसळतो, रिम पाच मिनिटांत उजळते, मालक खूश. पण तो फेस मळाचा नसतो. अ‍ॅल्युमिनियम विरघळताना निघणारा तो हायड्रोजन वायू असतो. धातूवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा आधी जातो, मग पृष्ठभाग खरवडला जातो आणि काही दिवसांत रिम राखाडी, डागाळलेली दिसू लागते. नटांच्या खळग्यात साचलेले अ‍ॅसिड लोखंडी स्टडना (ज्यांवर नट आवळतात त्या बोल्टांना) गंज चढवते. काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइड असते. ते हाताला लागले तर आग कधी कधी काही तासांनी सुरू होते, म्हणून धुणाऱ्या पोरांसाठी ते अधिक घातक.

धुण्याआधी रिमवर क्लिअर कोट (लॅकरचा पारदर्शक थर) आहे की नुसते पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम, हे पाहावे. पांढऱ्या फडक्यावर थोडे मेटल पॉलिश घेऊन मागच्या कोपऱ्यात घासा. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे.

रिम हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या रिमवर साबण वाळतो आणि त्याचे डाग पडतात. प्रेशरचा पाइप फुटभर लांब धरून आधी चिखल काढा. धार व्हॉल्व्हवर, चाकाचा तोल साधायला चिकटवलेल्या वजनांवर किंवा हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) सीलवर नको. मग न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू लेबलवरच्या मापाने बादलीत कालवा. दुसरी बादली फक्त ब्रश खळबळायला, कारण ब्रशमधली वाळूच ओरखडे पाडते. आतली बाजू आधी, मग आऱ्यांची पाठ, दर्शनी भाग शेवटी. नक्षीच्या कोपऱ्यांसाठी आणि नटांभोवती एक इंची रंगाचा ब्रश उत्तम, पण त्याच्या पत्र्याच्या कड्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तेच कडे रिमवर रेघ ओढते. लोखंडी काथ्या वापरूच नये. त्याचे कण धातूत रुततात आणि पुढे तांबूस ठिपके उमटतात.

डिस्क ब्रेकच्या पिकअपला पुढच्या चाकांवर करडी-तपकिरी पूड चिकटते. तिच्यात लोखंडाचे गरम कण असतात, ते क्लिअर कोटमध्ये बसतात आणि शाम्पूने निघत नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तीन-चार मिनिटांत तो जांभळा होतो. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्याला इलाज नाही. डांबराचे ठिपके रॉकेलच्या फडक्याने सुटतात, मात्र ते टायरच्या रबराला लागू देऊ नये.

बोअरचे पाणी जड असते. ते रिमवर वाळले की क्षाराचे पांढरे वर्तुळ राहते, म्हणून लगेच मायक्रोफायबरने पुसावे आणि नटांच्या खळग्यांत कॉम्प्रेसरची हवा मारावी.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमला पॉलिशने चकाकी येते, संरक्षण मिळत नाही. वर सीलंट (संरक्षक लेप) हवाच. गाडीचे मेण चाकाच्या उष्णतेत लवकर उतरते, सिंथेटिक सीलंट अधिक टिकते. कोरड्या, थंड रिमवर पातळ थर लावून रात्रभर पाणी लागू देऊ नका. पुढे पाण्याचे थेंब न बनता पाणी पसरू लागले की पुन्हा लावायची वेळ झाली. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावर आणि नटांच्या बैठकीवर मात्र सीलंट, मेण, तेल काहीही नको. तिथली पकड सैल पडते. चाक काढून बसवले असेल तर गाडी थोडी चालल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासावेत.

मिठाच्या किंवा दहेज बंदराकडच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांनी तर परतल्या दिवशीच साध्या पाण्याने चाके धुवावीत, मागच्या जोडचाकांच्या मधली फटसुद्धा. मिठातले क्लोराइड धातूला बारीक खड्डे पाडते. डायमंड कट (मशीनवर कातून चकाकवलेल्या) रिमला खडी लागून टवका उडाला की ओल तिथून लॅकरखाली शिरते आणि गंज पांढऱ्या दोऱ्यांसारखा पसरतो. मग कितीही घासा, तो जात नाही. लॅकर उतरवून रिम पुन्हा मशीनवर कातावी लागते आणि दर खेपेला धातू थोडा कमी होतो. टवका दिसताच तिथे लॅकरचा थेंब लावणे फार स्वस्त पडते.

पूजेचे राहिलेच. लिंबाचा रस आणि कुंकू उघड्या रिमवर रात्रभर राहू देऊ नये, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

वॉशिंग सेंटरवर क्लीनरच्या कॅनचे लेबल मागा. लेबलच नसेल तर चाकांना नुसते पाणी मारून घ्या.

आपला नम्र,
एक व्हील पॉलिश कारागीर,
मकरपुरा, बडोदा