गार अणूंविषयी, तुझ्या प्रश्नाच्या निमित्तानं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"लेझरनं पोलाद कापतात, आणि तुम्ही त्यानंच अणू गार करता, ते कसं?" हे तू विचारलंस तेव्हाच ठरवलं, सावकाश लिहून सांगायचं.

आमचे अणू रुबिडियमचे. खोलीच्या तापमानाला ते सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगानं धावतात. निर्वात कुपीत सहा बाजूंनी ७८० नॅनोमीटरचा लेझर सोडायचा, पण त्याची वारंवारता अणूला हवी त्याहून किंचित कमी ठेवायची. धावणाऱ्या अणूला समोरून येणाऱ्या प्रकाशाची वारंवारता वाढलेली भासते, म्हणून तो समोरचेच फोटॉन (प्रकाशाचे कण) जास्त शोषतो आणि दर धडकेला थोडा मंदावतो. तापमान केल्विनच्या दशलक्षांशांत मोजण्याइतकं उतरतं. तरी आम्हाला हवं असलेलं बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, म्हणजे एकाच अवस्थेत गोळा झालेल्या अणूंचा ढग, व्हायला ते पुरत नाही. प्रकाश शोषून पुन्हा फेकतानाही अणूला धक्का बसतोच, म्हणून एका टप्प्यावर लेझर बंदच करावे लागतात.

मला सगळ्यात आवडतो तो यानंतरचा भाग. अणू चुंबकीय सापळ्यात अडकवलेले असतात. जास्त ऊर्जेचे अणू सापळ्याच्या कडेपर्यंत चढतात. तिथं रेडिओ लहरीनं त्यांचं स्पिन (अणूच्या इवल्या चुंबकाची दिशा) उलटवलं की ते बाहेर पडतात. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायानं. उरलेले एकमेकांवर आदळून ऊर्जा नव्यानं वाटून घेतात, मग आपण रेडिओ वारंवारता आणखी खाली आणायची. घाई केली तर त्यांना आदळायला वेळ मिळत नाही आणि अणू नुसतेच वाया जातात. रेंगाळलं तर निर्वातात उरलेला वायू त्यांना उडवून लावतो. कोट्यवधी अणूंनी सुरुवात करून हाती काही लाख राहिले, तरी ते यश. कारण अणू लहरीसारखाही वागतो, आणि तो जितका गार तितकी त्याची तरंगलांबी मोठी; तेव्हा प्रत्येक अणूची तरंगलांबी शेजाऱ्यापर्यंत पोचते आणि अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होऊ लागतात. हेच ते कंडेन्सेट.

एवढ्या थंडीत रुबिडियम खरं तर घन व्हायला हवं. पण अणूंचा हा ढग हवेपेक्षा लाखपट विरळ असतो. तीन अणू एकाच वेळी भेटून रेणू जमण्याचे प्रसंग क्वचितच येतात, आणि त्या काही सेकंदांच्या सवलतीत आमचं सगळं काम चालतं.

कंडेन्सेट झालं हे ओळखायचं कसं? सापळा बंद करायचा, ढग २० मिलिसेकंद पडू द्यायचा (दोनेक मिलिमीटर खाली येतो) आणि लेझरच्या उजेडात त्याची सावली टिपायची. साधा गरम ढग सगळीकडे सारखा फुगून गोल होतो. कंडेन्सेट मात्र सापळ्यात ज्या दिशेला जास्त दाबलेलं होतं त्याच दिशेला जोरात पसरतं, त्यामुळे लांबट आकार फिरून आडव्याचा उभा होतो. माझ्या लेखी याहून बोलका पुरावा नाही. फोटो काढताना ढग नष्ट होतो, म्हणून पुढच्या फोटोसाठी सगळं पहिल्यापासून.

सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना पत्र लिहिलं ४ जून १९२४ ला. त्यांचा लेख प्रकाशाबद्दल होता; अणू असे गोळा होतील हे भाकीत आइन्स्टाइनचं. वायूत ते प्रत्यक्ष दिसलं ५ जून १९९५ ला, अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये, कॉर्नेल आणि वीमन या भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत: सुमारे २००० अणू, १७० नॅनोकेल्विन (केल्विनचे अब्जांश). त्याच वर्षी केटर्ले यांनी एमआयटीत सोडियमचं बरंच मोठं कंडेन्सेट केलं. २००१ चं नोबेल तिघांना मिळालं. बोस यांना ते कधीच मिळालं नाही, याची मला खंत वाटते.

कंडेन्सेट ढवळलं की त्यात ठरावीक मापाचेच भोवरे उठतात. ते पुढच्या पत्रात. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र