लक्ष किती मोकळे आहे, हे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख रोजच्या ये-जा करण्यातली. जवळजवळ वर्षभर आपण एकाच गाडीने कामावर जात होतो, आणि तुमची बदली इतक्या घाईने झाली की निरोपाचे चार शब्दही बोलता आले नाहीत. तुम्ही मला जे शिकवले ते हेडफोन लावून घराबाहेर पडणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे आहे, म्हणून हे आभाराचे पत्र खाजगी न ठेवता सर्वांसमोर लिहीत आहे.

ज्या सकाळी मी तुमच्याकडे तक्रार केली, ती सकाळ मला स्वच्छ आठवते. एवढे पॉडकास्ट असूनही मन रमेल असे काहीच सापडत नाही, असे मी म्हणालो, तेव्हा तुम्ही माझा फोन मागून घेतला आणि अर्धवट ऐकलेल्या एपिसोडची यादी शांतपणे वरून खाली पाहिली. कुठे नऊ मिनिटे, कुठे अकरा, कुठे जेमतेम चार; शेवटपर्यंत ऐकलेला एकही नव्हता. बहुधा विषय निवडताना माझे चुकत असावे, असे मी म्हणालो. त्यावर तुम्ही म्हणालात, "विषय राहू द्या. हे ऐकता तेव्हा तुमचे लक्ष किती मोकळे असते, ते सांगा." रेडिओसाठी वर्षानुवर्षे ध्वनिसंपादन केलेल्या माणसालाच सुचावा असा तो प्रश्न होता.

तोवर मी एपिसोड निवडत असे ते त्याच्या नावलौकिकावरून किंवा लांबीवरून. प्रवास पन्नास मिनिटांचा, तर एपिसोडही पन्नास मिनिटांचा, असा सरळ हिशेब होता. परंतु तुम्ही माझा प्रवास तुकड्यांत मांडायला लावलात, तेव्हा त्या पन्नास मिनिटांत बारा मिनिटे रस्त्याने चालण्याची, दहा-बारा गर्दीत उभे राहण्याची आणि पाचेक गाडी बदलण्याच्या धावपळीची आहेत, आणि निवांत बसून ऐकण्याची मिनिटे त्याच्या निम्मीही नाहीत, हे मला प्रथमच दिसले. मी मात्र अर्थशास्त्रावरचे किंवा विज्ञानावरचे, एका वाक्यावर दुसरे वाक्य रचत जाणारे विवेचन नेमके गाडी बदलताना ऐकत होतो. मधली दोन वाक्ये निसटली की पुढचे सारेच परके वाटते, आणि माणूस कंटाळून तो एपिसोड सोडून देतो. दोष ना त्या निवेदकाचा होता, ना माझ्या आवडीचा.

यावर तुम्ही सांगितलेली खूण मी आजही वापरतो. पंधरा सेकंद मागे नेणारे बटण पाच मिनिटांत तीनदा दाबावे लागले, तर तो एपिसोड त्या जागेसाठी नाही, असे समजायचे. तो रद्द करायचा नाही, बसायला जागा मिळेपर्यंत बाजूला ठेवायचा. गर्दीतल्या वेळासाठी दोन जाणत्या माणसांच्या मोकळ्या गप्पा असाव्यात, कारण गप्पांमध्ये बोलणारेच मुद्द्याकडे पुन्हा पुन्हा वळतात आणि थोडे निसटले तरी धागा हाती राहतो. एकाच निवेदकाने विणलेली गोष्ट मात्र सलग वेळ मागते. माझ्या मते पॉडकास्टच्या कोणत्याही शिफारशीत हाच भेद सर्वांत आधी सांगायला हवा, आणि नेमका तोच सांगितला जात नाही.

आवाजाविषयी तुम्ही जे दाखवलेत, ते तर माझ्या ध्यानीमनीही नव्हते. धावत्या गाडीत तुम्ही मला एका मुलाखतीची दोन मिनिटे ऐकवलीत. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज स्पष्ट येत होता. पाहुण्याचा मात्र चाकांच्या घरघरीत बुडत होता, आणि माझा अंगठा आपोआप आवाज वाढवण्याच्या बटणाकडे गेला. तुम्ही तो तिथेच थांबवलात. घरातल्या शांततेत उत्तम वाटणारे ध्वनिमुद्रण प्रवासात निरुपयोगी ठरू शकते, कारण वाहनाची खालच्या पट्टीतली घरघर हळू बोललेले शब्द गिळून टाकते. म्हणून नव्या पॉडकास्टची परीक्षा प्रवासातच, आवाज मध्यम ठेवून घ्यावी, असे तुम्ही म्हणालात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंतचे ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते, हे मी नंतर वाचले तेव्हा तुमच्या त्या थांबवण्याचे मोल कळले. रोज दोन वेळा गोंगाटावर मात करत ऐकणाऱ्याचे ४ तास किती लवकर संपतील! बाहेरचा गोंगाट कमी करणारे हेडफोन मी त्यानंतर घेतले. रस्त्याने चालताना मात्र, तुम्ही बजावल्याप्रमाणे, एक कान मोकळाच ठेवतो.

व्यायामाची गोष्ट वेगळी, आणि तिथे तुमचे ऋण अधिक आहे, कारण मी व्यायाम जवळपास सोडलाच होता. माणसांच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या संशोधक कॅथरिन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुम्हीच मला सांगितलात. खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांची श्राव्य पुस्तके एका गटाला केवळ व्यायामशाळेतच ऐकता येतील अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि सुरुवातीच्या काळात तो गट तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा ५१ टक्के अधिक वेळा व्यायामशाळेत आला. ज्यांना हा नियम स्वतःच पाळायला सांगितला होता, त्यांच्यात ही वाढ २९ टक्के होती. हा फरक ऐकताच तुम्ही म्हणालात ते मी केले: एका जुन्या तपासाची क्रमशः उलगडणारी मालिका नेहमीच्या फोनमधून काढून टाकली आणि कोपऱ्याला तडा गेलेल्या जुन्या फोनमध्ये भरली. तो फोन व्यायामाच्या पिशवीतच राहतो. तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी एक साक्षीदार आपला जबाब बदलतो. त्यानंतर काय झाले हे कळण्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे मी गजर होण्याआधी उठलो होतो.

त्या प्रयोगातला परिणाम मधल्या सुट्टीनंतर ओसरला होता, आणि माझेही तसेच झाले. तापामुळे दहा दिवस खंड पडला, आणि बरा झाल्यावर ती पिशवी उचलण्याची इच्छाच होईना. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही उपदेश केला नाहीत; आधीच्या एपिसोडची शेवटची दहा मिनिटे घरीच बसून ऐका, एवढेच म्हणालात. मी ती ऐकली आणि संध्याकाळी बाहेर पडलो.

प्रत्येक व्यायामाला बोलणे चालत नाही, हेही तुमच्यामुळे उमगले. ट्रेडमिलवर एका लयीत चालताना गोष्ट उत्तम सोबत करते. वेग वाढवून धाप लागू लागली की सारे लक्ष श्वासाकडे आणि पायांकडे जाते आणि शब्दांचा नुसता आवाज उरतो. तिथे संगीत किंवा शांतताच बरी. वजने उचलताना मला वारंवार मोजणी चुकायची. मनात आकडे मोजणे आणि कानांनी वाक्ये समजून घेणे, दोन्ही कामे भाषेवरच चालतात, म्हणून ती एकमेकांच्या वाटेत येतात, हे तुम्ही सांगितल्यापासून त्या वीस मिनिटांत मी काहीच ऐकत नाही.

दीडपट वेगाने ऐकण्याबद्दल आपला मतभेद झाला होता. तुमचे म्हणणे आता मला पटले आहे. गप्पांना तो वेग चालतो, परंतु रचलेल्या कथनात निवेदकाने जाणून ठेवलेला विराम त्या वेगात चेपला जातो, आणि तो किती सेकंदांचा असावा यासाठी तुमच्यासारख्या संपादकांनी किती जीव ओतलेला असतो, हे मला ठाऊक नव्हते.

साठून राहिलेल्या एपिसोडचा ढीगही मी पुसून टाकला आहे. आता फोनमध्ये पाचच असतात: बसून ऐकण्याचे दोन, गर्दीतले दोन आणि परतीच्या थकलेल्या वेळेसाठी एक हलका. अर्धवट ऐकलेल्यांच्या यादीत कालपर्यंत एकच एपिसोड होता आणि तोही आज सकाळी, आपल्या नेहमीच्या खिडकीशी बसून, पूर्ण झाला.

तपासाच्या मालिकेचे शेवटचे दोन एपिसोड उरले आहेत. ती संपली की पिशवीतल्या फोनमध्ये पुढे काय भरावे, हे विचारायला मी तुम्हाला फोन करणार आहे. तोवर तुमचे मनापासून आभार.

आपला नम्र,
शेजारच्या आसनावरचा सहप्रवासी