सर, ठिणगीचा हिशोब जुळला

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

कापसाच्या जिनिंग मशीनच्या पार्टात तुटून अडकलेला, आटे पाडायचा टॅप परवा निघाला. पार्टाचे आटे शाबूत आहेत. फोनवर गळा भरून आला, धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आर्वीकडच्या आमच्या गावात स्पार्क इरोजनचं, म्हणजे ठिणग्यांनी धातू झिजवायचं मशीन कुठून असणार? म्हणून घरीच जमवलं होतं: ६० व्होल्टचा डीसी सप्लाय, ५० ओहमचा रेझिस्टन्स, २० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, तांब्याची कांडी आणि डबाभर रॉकेल. पण कांडी चिकटायची, भोक काळं पडायचं. आर (रेझिस्टन्स) गुणिले सी (कॅपॅसिटर), म्हणजे १ मिलिसेकंद ठिणगी टिकते असं मी धरून बसलो होतो. ती आखूड करायची म्हणून रेझिस्टन्स कमी करत गेलो, तर जास्तच जळायला लागलं.

भर मे महिन्यात एसटीने आलात. पाणी प्यायच्या आधी वही मागितली. म्हणालात, "बावा, तू भलत्याच वेळेचा हिशोब करून राहिला."

आर-सी हा कॅपॅसिटर भरण्याचा हिशोब. ६० च्या ७२ टक्के, म्हणजे ४३ व्होल्टपर्यंत भरायला त्याच्या १.२७ पट, सव्वा मिलिसेकंद लागतो. ठिणगी मात्र त्या रेझिस्टन्समधून जातच नाही. ती कॅपॅसिटरपासून कांडीपर्यंतच्या वायरीतून जाते, आणि तिचा वेळ ठरतो तिथल्या इंडक्टन्सवर, म्हणजे करंटच्या बदलाला वायर करते त्या विरोधावर (एल): पाय (३.१४) गुणिले एल-सीचं वर्गमूळ. एल २ मायक्रोहेन्री धरला तर २० मायक्रोसेकंद. मी पन्नास पटीने चुकलो होतो! रेझिस्टन्स घटवून मी फक्त रॉकेलची उसंत हिरावत होतो. एक ठिणगी विझून कांडी आणि पार्टामधली फट सावरायच्या आतच सप्लायचा करंट घुसायचा आणि सलग आर्क पेटायचा.

मग माझ्या लांबलचक, वेटोळे घातलेल्या वायरी तुम्ही कापायला लावल्या, दोन्ही एकमेकींत पिळायला लावल्या. "एल चौपट, तर वेळ दुप्पट," हे तेव्हा हातानेच कळलं. ५० ओहम परत बसवला आणि ठिणगीचा आवाजच बदलला, सारखा, बारीक.

सर, सूत्र आधीही वाचलं होतं. ते कुठल्या वायरीला लावायचं, हे आजवर कोणी शेजारी बसून दाखवलं नव्हतं. तुम्ही दोन तास लाकडी स्टुलावर बसलात, पत्रा तापलेला असताना.

तुमच्या अक्षरातला तो कागद सप्लायच्या खोक्याला आतून चिकटवला आहे. दिवाळीनंतर कापूस येईल, जिनिंग सुरू होईल, तेव्हा काकूंना घेऊन नक्की या. कांडी मी बदलून ठेवतो.

तुमचा विद्यार्थी