चुंबकीय द्रव शोभेपुरता नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भंगाराच्या पुनर्वापरावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र लोखंड चुंबकाने उचलले की काम झाले, असा समज त्यातून होतो. खरी अडचण तिथून पुढे आहे. उरलेल्या ढिगात ॲल्युमिनियम, जस्त, तांबे, पितळ, शिसे सगळे एकत्र असते. तो तसाच भट्टीत गेला तर सगळे घोडे बारा टक्के! तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला. जस्त त्याआधीच, ९०७ अंशांना, उकळून धूर होते.

ही निवड वितळवण्याआधीच करता येते, कारण धातूंच्या घनता वेगवेगळ्या आहेत. पाण्याच्या तुलनेत ॲल्युमिनियम २.७ पट जड, जस्त ७.१, तांबे ८.९, शिसे ११.३. पाण्याच्या आठपट घनतेचा द्रव असता तर जस्त तरंगले असते आणि तांबे बुडाले असते. पारा इथे कुचकामी. तो १३.६ पट जड, त्यात शिसेही तरंगते; शिवाय विषारी.

चुंबकीय द्रव नेमका इथे उपयोगी पडतो. १९६३ मध्ये नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी तो बनवला, तो वजनरहित अवस्थेत इंधन चुंबकाने ओढता यावे म्हणून. रॉकेलसारख्या द्रवात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे सुमारे १० नॅनोमीटरचे कण, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर ओलिक आम्लाचे आवरण. टाकीखाली चुंबक ठेवले की द्रव खाली ओढला जातो आणि आतल्या अचुंबकीय तुकड्यांना वर रेटतो. द्रव हलकाच असतो, पण वागतो जड द्रवासारखा. विद्युतचुंबकाचा प्रवाह वाढवत नेला की त्याच टाकीत आधी ॲल्युमिनियम, मग जस्त, मग तांबे वर येते. शिसे तळाशी राहते. मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

१९७०च्या दशकातच अमेरिकेत मोटारींच्या भंगारावर याचे प्रयोग झाले. तरीही आज हा द्रव बहुतेकांना माहीत आहे तो चुंबकाजवळ काटे उभे राहणाऱ्या चित्रफितींमुळे. याचे वाईट वाटते.

अडचणी आहेतच. प्लास्टिकचे वेष्टण असलेली तार किंवा पोकळ तुकडा चुकीच्या ढिगात जातो, म्हणून आधी नीट तुकडे करावे लागतात. लोखंडाचा कणही उरता कामा नये. तुकड्यांना चिकटून महागडा द्रव बाहेर जातो. तो धुऊन परत मिळवला नाही तर हिशेब बसत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी हा धुण्याचा प्रश्न घ्यावा आणि आपण त्यांच्या प्रयोगांना पुरवणीत जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक