सीम रिपर खणात ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या हातातलं सीम रिपर, टाके उसवायचं हत्यार, काढून घेतलंत, खणात ठेवलंत आणि त्याच हातात रूलर दिलात. हे पत्र तेवढ्यासाठी आहे. उघडपणे लिहितेय, कारण क्विल्टचे चौकोन मापाला कमी भरले म्हणून या क्षणीही कुणीतरी टाके उसवत बसलं असेल, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही नसाल.

टेबलावर 64 एचएसटी (हाफ-स्क्वेअर ट्रँगल) होते. दोन रंगांचे दोन त्रिकोण कर्णावर जोडून होणारा हा चौकोन. तो साडेतीन इंच भरला, तर चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जाऊन क्विल्टवर तीन इंच दिसतो. यातला एकही साडेतीन नव्हता. कुठे 3 7/16, कुठे 3 3/8, आणि काही तर चौकोनच राहिले नव्हते, पतंगासारखे ताणले गेले होते.

याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्याकडून एकच उत्तर आलं: हात बसेल हळूहळू. कुणी म्हणालं, कापड वाईट आहे. एका शिकवणीत कापायच्या चौकोनाचं सूत्र मिळालं, क्विल्टवर हवं ते माप अधिक सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग); पण सात सूतच का, असं विचारलं तर ‘तसंच असतं’ म्हणून पुढचा नमुना सुरू झाला. सगळे उसवा आणि पुन्हा शिवा, हा सल्ला तर प्रत्येकानेच दिला. उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, कडेचे टाके उसवताना कड आणखी ताणते आणि दुसऱ्यांदा शिवलेला तुकडा पहिल्यापेक्षा वाकडा होतो, हे त्यांच्यापैकी कुणीही बोललं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही एवढंच विचारलंत, ‘यातला सगळ्यात लहान कोणता?’ शोधून दिला. तो 3 3/8 भरला. ‘मग सगळे सव्वातीन करा.’

बस. सव्वातीनचा तुकडा जोडात पावणेतीन दिसतो. आठ गुणिले आठच्या मांडणीत 24 इंचांऐवजी 22 इंच होतात. क्विल्टला दोन इंचांनी काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो तुकडे एकमेकांना न जुळण्याने. लहान पण एकसारखे 64 तुकडे सरळ बसतात. बरोबर मापाच्या 60 तुकड्यांत चार लहान शिरले, तर पूर्ण ओळ ओढली जाते. ताणलेले तुकडेही सव्वातीनवर छाटताना सरळ झाले, कारण ज्या कडा वाकड्या होत्या त्याच कापल्या गेल्या. उसवायला एक टाकासुद्धा लागला नाही. ज्याची मेहनत वाया गेली असं त्याला सगळ्यांनी सांगितलंय, त्याला ती वाया गेलेली नाही हे मोजून दाखवणं, याहून मोठा चांगुलपणा शिकवणाऱ्याकडे असू शकतो असं मला वाटत नाही. अशी माणसं फार थोडी भेटतात. ती चूक नाकारत नाहीत, पण चुकीच्या निमित्ताने माणसाला लहानही करत नाहीत.

मग तुम्ही त्या सात सुतांचा हिशेब मांडलात. इतरांसाठी तो इथे लिहून ठेवते.

कर्णाची टीप तिरकी असते. त्यामुळे पाव इंच आत घातलेली टीप चौकोनाच्या बाजूतून पाव इंच खात नाही, पाव गुणिले 1.414 खाते, म्हणजे सुमारे 0.354 इंच. त्यात पुढच्या जोडांसाठी लागणारा अर्धा इंच मिळवला की 0.854 होतात. टेपवर याच्या लगतचा वरचा आकडा 7/8, म्हणजे 0.875. दोन्हींतला फरक 0.021 इंच. सात सुतांच्या सूत्रात चुकीला जागा आहे ती एवढीच, केसभर. टीप पाव इंचाऐवजी 5/16 वर गेली, की तुकडा साडेतीनच्या खाली घसरलाच. आणि बऱ्याच मशीनच्या साध्या फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड सुईपासून पाव इंचाहून लांब असते, तरी आपण तीच पाव इंच धरून चालतो. म्हणजे हातात खोट नव्हती, मापात होती.

पुढे हाच दोष जोडात वाढतो. आठ तुकड्यांच्या ओळीत सात जोड. प्रत्येक जोडात दोन्ही बाजूंनी 1/16 जास्त गेलं, तर एका जोडाला एक सूत आणि ओळीला सात सूत. शेजारची पट्टी बरोबर मापाची असेल, तर ती ओळीपेक्षा जवळपास एक इंच लांब राहते आणि मग ओढून-ताणून बसवावी लागते.

पाव इंच तपासायची तुमची रीत अशी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या लांबीकडून जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती नेमकी एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप कडेपासून जास्त आत जातेय. इथे रूलरवरचा खरा पाव इंच चालत नाही, त्याहून धागाभर कमी लागतो, कारण शिलाई दुमडली की दोऱ्याची आणि कापडाच्या घडीची जाडी तेवढी जागा घेते. म्हणून रूलर फूटखाली ठेवायचा, हाताने चाक फिरवून सुई अलगद खाली आणायची आणि ती पाव इंचाच्या रेषेच्या किंचित उजवीकडे, रूलरच्या कडेच्या बाजूला, टेकेल असा रूलर सरकवायचा. रूलर सरळ आहे ना ते बघायचं. मग त्याच्या कडेला लागून जाड पुठ्ठ्याची अरुंद पट्टी चिकटपट्टीने बसवायची, कापड पुढे सरकवणारे दाते मोकळे ठेवून. कापड त्या पुठ्ठ्याला घासत गेलं पाहिजे. डोळ्यांनी रेषेकडे बघत शिवण्यापेक्षा हे पुष्कळ भरवशाचं आहे. तुम्ही ती पट्टी मशीनवर लावून दिलीत, पण मधली पट्टी मोजायला आणि आकडा वाचायला मलाच लावलंत. पहिल्यांदा एक इंचाला एक सूत कमी आली. पुठ्ठा सरकवला. तिसऱ्यांदा नेमकी बसली.

कापायचं माप बदला, असंही तुम्ही सांगितलंत: सात सूत नको, सरळ एक इंच वाढवा. तीन इंची चौकोनाला 4 इंच. त्यातून निघणारा तुकडा 3.646 इंच येतो आणि साडेतीनवर छाटायला सुतापेक्षा थोडं जास्त कापड उरतं. छाटायचा वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ उसवण्यात जात होताच.

आणि मग आठाची रीत. 8 इंचाचे दोन चौकोन, एक फिका, एक गडद, सुलट बाजू आतमध्ये घेऊन एकावर एक. फिक्याच्या उलट बाजूवर दोन्ही कर्ण आखायचे, कठीण पेन्सिलीने, रूलरची कड दोन्ही कोपऱ्यांवर नेमकी टेकवून. इस्त्रीने पुसलं जाणारं पेन यासाठी वापरू नये. त्याची रेषा थंडीत परत उमटू शकते. प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप, टाका 2 मिलिमीटर, कारण पुढे हीच टीप टोकांशी कापली जाणार असते आणि लांब टाका तिथे सुटतो. चार टिपा झाल्या की चौकोन न हलवता मधोमध उभा आणि आडवा कापायचा, बाजूंपासून बरोबर 4 इंचावर. मगच दोन्ही कर्णांवर. आठ तुकडे हातात येतात. मध्याशी एकमेकींना छेदणाऱ्या टिपांचे दोन-तीन टाके त्रिकोणाच्या टोकाशी राहतात, ते उघडताना आपोआप सुटतात. ते तसेच सुटू द्यावेत.

एका जोडीतून एकाच कर्णावर दोन तुकडे काढायची ती दोन-दोनची रीत, कापड तिच्याइतकंच लागतं. वाचतं ते हाताळणं. 64 तुकड्यांसाठी दोन-दोनच्या रीतीने 32 जोड्या आणि 64 टिपा होतात. आठाच्या रीतीने 8 जोड्या आणि 32 टिपा. 40 इंच वापरता येईल अशा पन्ह्यातून 8 इंचाचे पाच चौकोन निघतात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 8 इंची दोन पट्ट्यांत सगळं भागतं आणि दोन चौकोन वर उरतात.

चाराची रीत मात्र तुम्ही हातात घेऊ दिली नाहीत आणि त्याचं कारणही दिलंत. दोन चौकोन चारी कडांनी शिवून कर्णांवर कापले की चार तुकडे मिळतात, आखायचीही गरज नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण तयार तुकड्याच्या चारी बाहेरच्या कडा उरेब येतात. इस्त्री लागली की त्या लांबतात. आठाच्या रीतीत उरेब कड आत, शिलाईत बंद होते आणि बाहेर उभा-आडवा धागा राहतो. चाराचीच करायची असेल तर कापड आधी खळ देऊन, पूर्ण वाळवून, कडक करून घ्यावं. माझ्या मते खळ कुठल्याही रीतीला द्यावीच. आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं कापड हवं असेल, तर आठाची रीत उपयोगाची नाही, एकाच जोडीचे आठ जुळे निघतात. तिथे दोन-दोनच बरं.

छाटणी तुम्ही उघडायच्या आधी करायला शिकवलीत. याने काम निम्मं झालं. तुकडा अजून बंद, त्रिकोण. चौकोनी रूलरचा कोपरा त्रिकोणाच्या काटकोनाकडे ठेवायचा आणि रूलरच्या दोन्ही कडांवरच्या साडेतीनच्या खुणा टिपेवर आणायच्या. कापलेल्या कडेवर नाही, टिपेवर. मग दोन बाजू कापायच्या. उघडल्यावर छाटलं तर चार बाजू कापाव्या लागतात आणि मध्ये तुकडा फिरवावा लागतो. बंद असताना दोनच. उघडल्यावर कोपऱ्यांतून डोकावणारे छोटे कान तेवढे कापायचे.

इस्त्रीबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, हात धरून दाखवलंत. आधी बंद तुकड्यावर इस्त्री, टाके बसण्यासाठी. मग गडद रंग वर ठेवून उघडायचा आणि इस्त्री वरून टेकवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवायची नाही. वाफ नाही. माझे पतंग झालेले तुकडे याच सरकवण्याने झाले होते. शिलाई गडद बाजूला वळवली की शेजारच्या तुकड्यांच्या शिलाया समोरासमोर येतात आणि एकमेकींत अडकतात, बोटांना ते कळतं. तिथे टाचणी मारायचीही गरज पडत नाही.

मशीनने कोपरे गिळण्यावर तुम्ही दिलेला चिंधीचा उपाय सगळ्यांना सांगतेय: आधी एका दुमडलेल्या चिंधीवर चार टाके, मग दोरा न तोडता तुकडे एकामागून एक, शेवटी पुन्हा चिंधी. दोराही वाचतो.

ताई, 22 इंचाचा मधला भाग जोडून झाला. पिनव्हीलच्या (भिरभिऱ्याच्या नमुन्याच्या) मध्यावर जिथे आठ टोकं भेटतात, तिथे शिलायांचे पदर तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन-दोन टाके सोडवून एकाच दिशेला गोल वळवले. गाठ सपाट बसली. एकही टोक कापलं गेलं नाही, कारण जोडताना एचएसटी वरच्या बाजूला ठेवून, मागच्या दोन टिपा एकमेकींना छेदतात तिथूनच सुई नेली. किनारीच्या पट्ट्यांसाठी हा भाग कडेने न मोजता मधून मोजला, शिलाईच्या अर्ध्या इंचासकट 22 1/2 भरला, पट्ट्या तशाच कापल्यात. उद्या त्या लावते.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी