तीन महिन्यांची सवलत आणि पंधरा महिन्यांची लांबण: गृहकर्जाबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गृहकर्ज विभाग

विषय: नोकरी गेल्यानंतर मागितलेल्या हप्ता-स्थगितीबाबत चुकीची लेखी माहिती दिल्याबद्दल आणि कर्जाची मुदत आम्हाला न विचारता वाढवल्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीकडून घेतलेल्या गृहकर्जाची मी सहकर्जदार आहे आणि माझे पती मुख्य कर्जदार आहेत. कर्ज 240 महिन्यांचे असून व्याजाचा दर वार्षिक 9 टक्के आहे. पतींची नोकरी गेली त्या वेळेपर्यंतचे 36 हप्ते आम्ही ठरलेल्या तारखेला भरलेले आहेत. रकमा आपल्या दप्तरी आहेतच, म्हणून त्या येथे न लिहिता मी आमच्या मासिक हप्त्याला 100 मानते आणि पुढचा सगळा हिशेब त्याच मापाने मांडते.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय ही तक्रार केवळ व्याजाच्या आकड्यांवरची कुरकुर वाटेल. पतींचा पगार घरात येणाऱ्या पैशाच्या निम्म्याहून अधिक होता आणि तो बंद होणार असल्याचे आम्हाला एक महिना आधी कळले. आमच्यावर तेव्हा तीन कर्जे होती: आपले गृहकर्ज, क्रेडिट कार्डावरची थकबाकी आणि घरगुती उपकरणासाठी घेतलेले एक लहान कर्ज, ज्याचे पाचच हप्ते उरले होते. आम्ही दोघांनी वही काढून प्रत्येक कर्जापुढे व्याजाचा दर, उरलेली मुदत आणि हप्ता चुकला तर नेमके काय होते हे लिहून काढले. कार्डावर महिन्याला 3 टक्के व्याज होते; वर्षभर ते तसेच साचू दिले तर चक्रवाढीने 42 टक्क्यांच्या वर जाते, आणि किमान देय रक्कम भरत राहिल्याने दंड टळला तरी हे व्याज टळत नाही. म्हणून बचतीतला मोठा भाग कार्डाकडे वळवून ते खाते आम्ही पूर्ण फेडले. लहान कर्जाचे हप्ते चालू ठेवले. उरलेल्या बचतीत, हात बराच आखडता घेतला तर, तीन महिन्यांचा घरखर्च भागणार होता. राहिले गृहकर्ज. ते सर्वांत मोठे, सर्वांत कमी व्याजाचे, आणि चुकले तर डोक्यावरचे छप्पर जाईल असे एकमेव कर्ज होते.

या टप्प्यावर आम्ही आपल्याकडे आलो. हप्ता थकल्यानंतर तगादा लागला आणि मग विनंती केली, असे घडलेले नाही. हप्त्याच्या तारखेच्या 11 दिवस आधी, नोकरी संपल्याचे पत्र जोडून, आम्ही लेखी अर्ज केला आणि त्यात स्पष्ट विचारले की आमच्यासारख्या घराला कोणकोणते पर्याय उपलब्ध आहेत आणि प्रत्येकाचा एकूण खर्च किती पडेल. या प्रश्नाचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही. त्याऐवजी आपल्या प्रतिनिधीचा फोन आला. ‘मॅडम, तीन महिने हप्ता भरू नका, ते तीन हप्ते शेवटी लागतील, बाकी काही फरक पडत नाही,’ असे त्यांनी सांगितले. नंतर आलेल्या मंजुरीपत्रातही ‘स्थगित केलेले तीन हप्ते कर्जाच्या मुदतीअखेर जोडले जातील’ हेच वाक्य आहे. पत्राची प्रत मी सोबत जोडली आहे आणि त्या वाक्याखाली रेघ मारली आहे.

या वाक्याचा कोणताही साधा वाचक एकच अर्थ घेईल: एकूण हप्ते 240 होते ते 240 राहतील आणि कर्ज तीन महिने उशिरा संपेल. स्थगिती संपल्यावर आपण पाठवलेल्या नव्या वेळापत्रकात मात्र उरलेले हप्ते 204 ऐवजी 216 आहेत, त्यांतला शेवटचा अपुरा. म्हणजे एकूण 240 हप्त्यांचे 252 झाले आणि कर्ज मूळ तारखेच्या 3 नव्हे, 15 महिन्यांनी पुढे गेले. हे पाहून मी आधी छपाईची चूक समजले. ग्राहक सेवेला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘सिस्टीमने काढलेला आकडा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मी स्वतः संगणकावर कोष्टक मांडले, आणि मला मान्य केले पाहिजे की सिस्टीमचा आकडा गणित म्हणून बरोबर आहे.

त्याचे कारण असे. 36 हप्ते भरल्यानंतरही मूळ कर्जाचे जवळपास 94 टक्के मुद्दल शिल्लक होते, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बहुतेक भाग व्याजातच जातो. त्या महिन्यात 100 च्या हप्त्यात 78 व्याज होते आणि मुद्दलाकडे 22 जाणार होते. आम्ही तीन महिने काहीच भरले नाही तेव्हा मुद्दलाची फेड थांबली, शिवाय त्या तीन महिन्यांचे व्याज, व्याजावरचे व्याज धरून सुमारे 236, मुद्दलात मिळवले गेले. आता हप्ता पूर्वीचाच 100 ठेवला तर त्यातून दरमहा मुद्दलाकडे सुरुवातीला अवघे 20 जातात, आणि वाढलेले 236 फेडून स्थगितीच्या आधीच्या शिलकीवर परत येण्यासाठीच अकराहून अधिक हप्ते लागतात. आपण दर वाढवला किंवा लबाडीने व्याज आकारले असा माझा आरोप नाही. स्थगिती म्हणजे व्याजमाफी नसते, हे आम्हालाही ठाऊक होते. माझी तक्रार अशी की हा हिशेब आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असताना आम्हाला लेखी दिलेले वाक्य त्याच्याशी जुळत नाही, आणि त्या वाक्यावर विसंबून आम्ही घराचा पुढचा हिशेब केला.

कळले असते तर आम्ही काय वेगळे केले असते, असे आपल्या प्रतिनिधीने मला थोड्या चिडक्या स्वरात विचारले होते. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. कार्ड आधी फेडण्याचा निर्णय आम्ही तरीही घेतला असता. तो मला आजही बरोबर वाटतो. परंतु माझा पगार चालू होता, आणि त्यातून दरमहा 100 भरणे अशक्य असले तरी 78 भरणे ओढाताणीने का होईना शक्य होते. तीन महिने फक्त व्याज भरले असते तर मुद्दल होते तेवढेच राहिले असते, स्थगितीनंतर बरोबर 204 हप्ते उरले असते आणि कर्ज खरोखरच तीन महिने उशिरा संपले असते. म्हणजे त्या वेळी एकूण 235 भरून पुढचे अकराहून अधिक हप्ते वाचले असते. हा पर्याय आपल्याकडे आहे हे मला नंतर आपल्याच एका कर्मचाऱ्याकडून, दुसऱ्या कामासाठी शाखेत गेले असता, सहज बोलण्यात समजले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण अंथरुणाची लांबीच चुकीची सांगितली तर पाय किती पसरायचे हे कसे ठरवावे?

दुसरी गोष्ट यापेक्षाही साधी आहे आणि तिचाच मला अधिक राग आहे. स्थगिती संपल्यानंतर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची, की मुदत तीच ठेवून हप्ता वाढवायचा, हे आपण आम्हाला विचारले नाही. मी हिशेब केला तेव्हा दिसले की हप्ता 100 वरून साधारण 102.3 केला तर उरलेले हप्ते 204 च राहतात, आणि 103 केला तर कर्ज अगदी मूळ ठरलेल्या महिन्यातच संपते. शंभरावर तीन! पतींना आता कमी पगाराची का होईना नोकरी मिळाली आहे आणि एवढी वाढ आम्ही सहज सोसू शकतो. एका बाजूला दरमहा 3 चा फरक आणि दुसऱ्या बाजूला वाढलेले पंधरा महिने, यांतून निवड करण्याचा अधिकार कर्ज फेडणाऱ्याचा असायला हवा होता. आपल्या सिस्टीमने तो परस्पर वापरला.

आता स्थगितीच्या पहिल्याच महिन्यात जे घडले त्याविषयी. मंजुरीपत्र हप्त्याच्या दोन दिवस आधी मिळाले, तरी 5 तारखेला बँकेकडे हप्त्याची मागणी गेलीच. स्थगिती मंजूर आहे या भरवशावर आम्ही त्या खात्यात तेवढी शिल्लक ठेवली नव्हती. मागणी परत गेली, पुन्हा 10 तारखेला पाठवली गेली आणि पुन्हा परत गेली. बँकेने दोन्ही वेळा शुल्क कापले आणि आपणही दोन्ही वेळा दंड लावला. दोन तक्रारींनंतर आपण आपला दंड परत केला, त्याबद्दल आभार. बँकेचे शुल्क मात्र आमच्याच माथी राहिले, आणि माझ्या पत अहवालात त्या महिन्यापुढे हप्ता थकल्याची नोंद आजही दिसते. ज्या हप्त्याला आपण स्वतः स्थगिती दिली तो थकलेला कसा असू शकतो, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. ही नोंद आमच्यासाठी किरकोळ नाही. व्याजाचा दर कमी असलेल्या दुसऱ्या ठिकाणी कर्ज हलवण्याचा विचार आम्ही करत होतो, आणि तिथे पहिला प्रश्न याच नोंदीविषयी विचारला गेला.

त्याच महिन्यात आपल्या वसुली प्रतिनिधींचे फोन माझ्या पतींना सुरू झाले. त्यांना कामाच्या मुलाखतीला बाहेर बसलेले असताना एका दिवसात चार वेळा फोन आला. कर्जाविषयीचा सर्व संपर्क माझ्याशी करावा असे आम्ही अर्जातच लिहिले होते, आणि सहकर्जदार म्हणून कर्जाची जबाबदारी माझीही तेवढीच असल्यामुळे त्यात आपली काही अडचण नव्हती. नोकरी गेलेल्या माणसाला दिवसभर कशाचा सामना करावा लागतो हे मी येथे लिहीत बसत नाही. फोन आता थांबले आहेत, परंतु ते का आले याचा खुलासा लेखी हवा आहे.

एक लहानसा मुद्दा विम्याचा. कर्ज मंजूर करताना आपल्या शाखेने कर्जासोबत एक संरक्षण विमा घ्यायला लावला, आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवला, त्यामुळे त्यावरही आम्ही व्याज भरतो आहोत. नोकरी गेल्यास काही हप्ते विमा भरेल असे तेव्हा सांगितले होते. दावा नाकारला गेला, कारण पतींच्या कागदपत्रांवर राजीनामा असा शब्द आहे. कर्मचारी कमी करताना कंपन्या अनेकदा माणसाकडून राजीनामाच लिहून घेतात, आणि असा राजीनामा विम्यात बसत नाही, हे विकणाऱ्याने विकतानाच सांगायला हवे होते. विमा कंपनीशी मी स्वतंत्रपणे लिहीत आहे. आपल्याकडून मला फक्त विक्रीच्या वेळी आमच्या सह्या घेतलेल्या कागदांच्या प्रती हव्या आहेत.

माझी मुख्य मागणी अशी आहे की आपल्या मंजुरीपत्रातील वाक्याला आपण बांधील राहावे आणि उरलेले हप्ते 204 ठेवावेत. ते शक्य नसेल तर का शक्य नाही हे लेखी कळवून, हप्ता वाढवून मुदत मूळ ठेवण्याचा पर्याय कोणतेही प्रक्रिया शुल्क न घेता याच महिन्यापासून लागू करावा, आणि आपल्या चुकीच्या माहितीमुळे वाढलेल्या व्याजाबाबत काय भरपाई देणार ते सांगावे. पत अहवालातील नोंद दुरुस्त करून त्याची प्रत मला पाठवावी आणि दोन वेळा कापले गेलेले बँकेचे शुल्क परत करावे. याशिवाय स्थगिती देताना ग्राहकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा आपण बदलावा, अशी विनंती आहे. त्यात काहीच न भरल्यास किती हप्ते वाढतील आणि फक्त व्याज भरल्यास किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला एक ओळ पुरेल, आणि ज्या सिस्टीमने 216 चा आकडा काढला तिला तो आधी काढणेही जमले असते.

या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे. ते न मिळाल्यास मी आपल्याच तक्रार निवारण व्यवस्थेच्या वरच्या पायरीकडे आणि तिथेही निकाल न लागल्यास नियामकाकडे जाईन. अर्ज, मंजुरीपत्र, दोन्ही वेळापत्रके, बँकेचा खातेउतारा, पत अहवाल आणि मी मांडलेले कोष्टक सोबत जोडले आहे. कोष्टकात चूक आढळल्यास ती दाखवून द्यावी, मी ती मान्य करीन.

तोपर्यंत चालू महिन्याचा हप्ता नेहमीप्रमाणे 5 तारखेला खात्यात जमा असेल, मात्र तो भरला याचा अर्थ 216 हप्त्यांचे वेळापत्रक आम्हाला मान्य आहे असा घेऊ नये.

आपली विश्वासू,
सहकर्जदार
(नाव, कर्ज खाते क्रमांक आणि संपर्क सोबतच्या अर्जाच्या प्रतीवर)